पट घटतो तेव्हा

जून जवळ आला की आम्ही शिक्षक गल्लीबोळांतून फिरतो. मुलं महापालिकेच्या शाळेत घाला, अशी विनवणी करत. भवानी पेठेतल्या एका घरी आईनं चहा दिला आणि विचारलं, "सर, नाराज मत होना, आपकी बेटी किस स्कूल में है?"

माझी मुलगी खासगी इंग्रजी शाळेत आहे. त्या दिवसापासून 'पालकांनाच इंग्रजीचं वेड लागलंय' हे वाक्य मी तोंडातून काढत नाही.

पट घटतो कसा, ते शिक्षकाला विचारा. संचमान्यतेत पट कमी दिसला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. तो गेला की दोन इयत्ता एका खोलीत बसतात. ते पाहून आणखी चार पालक दाखला काढतात. पुढच्या वर्षी पट आणखी कमी! मग वरून विचारणा होते, मुलं का टिकत नाहीत? मुलं नाहीत म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून मुलं नाहीत. हे चक्र पालकांनी सुरू केलेलं नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देऊ नका. अपवाद जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचा. पण मतदार याद्या घेऊन दारोदार फिरताना तुम्हाला बहुतेकदा कोण दिसतं? सरकारी शाळेतला शिक्षकच ना?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. गरिबाच्या मुलाला आमच्या शाळेत पाठवायची एवढी घाई असेल, तर अधिकाऱ्यांची, नगरसेवकांची मुलं तिथे का नाहीत? २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांना नेमकं हेच सांगितलं होतं. त्या यादीत मीही बसतो.

काही जण म्हणतात, उर्दू माध्यमामुळे शाळा ओस पडतात. मग मराठी माध्यमाचे वर्ग का रिकामे होताहेत? आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी रांग का लागली? तिथं शिक्षक आणि गाव दोघं मिळून उभे राहिले. पालक भाषेवर रुसत नाहीत. जिथं शिकवलं जात नाही, तिथून ते निघून जातात.

याच शहरात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव येतं. वाडा आता पाडलाय, तिथे स्मारक होणार आहे. जरूर व्हावं. पण शाळेचं स्मारक बांधणारं शहर चालू शाळेतला वर्ग शिक्षकाविना ठेवत असेल, तर त्या स्मारकाला फुलं कुठल्या तोंडानं वाहायची?

मागणी साधी आहे. पट मोजण्याआधी रिकाम्या जागा भरा. प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक द्या. इंग्रजी विषय येणाऱ्या माणसाला शिकवू द्या. मग तीन वर्षांनी खुशाल पट मोजा.

मी माझी मुलगी आमच्या शाळेत आणली का? नाही. तिच्या इयत्तेला आमच्याकडे गणिताचा शिक्षकच नाही. येत्या जूनमध्ये मला पुन्हा त्याच घरी जायचंय. त्या आईला मी काय सांगू?