तिळातिळाने वाढणारी संध्याकाळ

नवे कॅलेंडर भिंतीवर लागते, मुलांच्या नाताळच्या सुट्ट्या संपतात, शाळेचे डबे पुन्हा सुरू होतात आणि अशाच एखाद्या संध्याकाळी हातातले काम टाकून आपण देवापाशी दिवा लावायला उठतो, तर बाहेर चक्क उजेड असतो. घड्याळात सहा वाजून गेलेले असतात. पंधरवड्यापूर्वी याच वेळी दिव्याचे बटण दाबल्याशिवाय भाजी निवडता येत नव्हती. दोरीवरचे कपडे काढायला आता घाई नसते आणि खाली खेळणाऱ्या मुलांना 'अंधार पडला, वर या' असे ओरडून सांगता येत नाही. दिवस मोठा होऊ लागला, हे पंचांग सांगण्याआधी घरातल्या बाईला कळलेले असते.

मात्र पहाटेकडे पाहिले, तर तीच बाई गोंधळून जाते. दिवस जर मोठा होत असेल, तर सकाळी लवकर उजाडायला नको का? पण जानेवारीत सकाळी साडेसहाला दूध आणायला निघावे, तर डिसेंबरपेक्षाही जास्त अंधार असतो. हा भास नव्हे, अगदी खरी गोष्ट आहे.

बंगळूरचेच उदाहरण घेऊ. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. त्या दिवशी इथे सूर्य सकाळी ६ वाजून ३६ मिनिटांच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मिनिटभर कमी असताना मावळतो. म्हणजे दिवस सुमारे ११ तास २२ मिनिटांचा. संक्रांतीला, १४ जानेवारीला, सूर्यास्त ६ वाजून १२ मिनिटांच्या आसपास गेलेला असतो. संध्याकाळ तेरा मिनिटांनी वाढली! पण उगवतीही नऊ मिनिटांनी उशिरा, पावणेसातच्या पुढे गेलेली असते. जमाखर्च मांडला, तर तीन आठवड्यांत दिवसाच्या पदरात पडली फक्त चार-पाच मिनिटे. आपल्याकडे 'दिवस तिळातिळाने वाढतो' म्हणतात, ते असे अक्षरशः खरे आहे.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. आपले घड्याळ दिवसाचे बरोबर चोवीस तास मोजते. पण सूर्य एकदा डोक्यावर आला की पुन्हा डोक्यावर यायला वर्षभर नेमके चोवीसच तास घेतो असे नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना सूर्याभोवतीही पुढे सरकत असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर दिसायला तिला थोडे अधिक वळावे लागते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सर्वांत वेगाने धावत असते. त्यात तिचा आस कललेला. या दोन्हींमुळे डिसेंबरच्या अखेरीस एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत चोवीस तासांहून सुमारे अर्धे मिनिट जास्त लागते. रोज अर्धे मिनिट म्हणता म्हणता सगळा दिवसच घड्याळावर पुढे सरकतो, उगवतीही आणि मावळतीही. म्हणून बंगळूरला सर्वांत लवकरचा सूर्यास्त २१ डिसेंबरला नसतोच. तो असतो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटांच्या सुमाराला. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय येतो जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात. पुण्या-मुंबईतही तारखांच्या थोड्या फरकाने हेच घडते. संध्याकाळ आधी सुधारते, पहाट मागाहून.

चामराजपेटेत हा हिशेब नुसता आकड्यांत राहत नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला १८९२ साली वसवलेली ही पेठ. चामराजेंद्र वडेयर यांचे नाव तिला दिलेले. आखीव रस्ते, जुन्या घरांपुढचे ओटे आणि कन्नड साहित्य परिषदेची वास्तू, ही तिची ओळख. इथून दक्षिणेला पायी जाण्याच्या अंतरावर गविपुरम आहे आणि तिथे एका गुहेत गवि गंगाधरेश्वराचे देऊळ. कन्नडमध्ये गवि म्हणजे गुहा. अंगणात दगडाचे उंच त्रिशूळ आणि डमरू आहेत, शिवाय सूर्यपान आणि चंद्रपान नावाच्या दोन भल्यामोठ्या दगडी तबकड्या. मकरसंक्रांतीच्या सायंकाळी मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचे किरण कमानीतून आत शिरतात, नंदीच्या शिंगांमधून जातात आणि गुहेतल्या पिंडीवर पडतात. तो काही मिनिटांचा सोहळा पाहायला बाहेर रस्ताभर माणसे उभी असतात. २०२१ साली ऐन वेळी आभाळ भरून आले आणि लोक हात जोडून तसेच परतले.

पण ही किरणे वर्षातून एकदाच येत नाहीत. २००८ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात इथल्या जवाहरलाल नेहरू तारांगणाच्या बी. एस. शैलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या देवळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जानेवारीच्या मध्याबरोबरच नोव्हेंबरच्या अखेरीसही किरणे पिंडीपर्यंत पोहोचतात, असे दाखवले आहे. थोडा विचार केला तर ते उघड आहे. सर्वांत लहान दिवसानंतर साधारण तेवीस दिवसांनी संक्रांत येते. मग त्याच्या तेवीस दिवस आधी सूर्य आकाशात त्याच वाटेने गेलेला असणारच. तेव्हा तो दक्षिणेला निघालेला असतो, संक्रांतीला परतीच्या वाटेवर असतो. वाट एकच, तोंड फक्त फिरलेले. नोव्हेंबरच्या त्याच सुमारास जवळच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची शेंगांची जत्रा, कडलेकाई परिषे, भरते. पण किरणांसाठी तेव्हा गर्दी नसते. माणसाला जाणाऱ्याचे नव्हे, येणाऱ्याचे कौतुक!

इथे पुष्कळांना प्रश्न पडेल, की उत्तरायण संक्रांतीला सुरू होते ना? मग २२ डिसेंबर कुठून आला? सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकत्र येत होत्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलत असल्याने सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या गतीने संक्रांत पुढे सरकत गेली. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा आणि ती तारीख होती १२ जानेवारी. आता आपण १४ किंवा १५ तारखेला तिळगूळ वाटतो. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या घरांत मात्र संक्रांत १० जानेवारीलाच होऊन जाते. भारत सरकारने १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो. म्हणजे सरकारी पौष आणि सूर्याचे वळण यांचा मेळ बरोबर बसवलेला आहे.

शास्त्र झाले, आता घरात येऊ. माझी मावशी लग्न करून चामराजपेटेत आली, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. तिचे कन्नड आता तिच्या मराठीपेक्षा झरझर चालते. दोन वर्षांपूर्वी काका गेले. पहिल्या वर्षी घरात सण नव्हताच. दुसऱ्या वर्षी संक्रांत जवळ आली, तेव्हा मी तिच्याकडे गेले होते. तिने तीळ भाजले, गूळ किसला, लाडू वळले, पण डबा भरून झाल्यावर म्हणाली, "तू वाटून ये गं सगळ्यांकडे. मी नाही येत."

मी कारण विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदी-कुंकवाची धूम असते. वाण लुटायचे, ओटी भरायची, नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालायचे. ज्या घरांत मावशीने पस्तीस-चाळीस वर्षे अत्तरदाणी फिरवली, त्याच घरांतून आता तिला बोलावणे येत नव्हते. कुणी वाईट वागले असे नाही. 'उगाच त्यांना अवघडायला नको' असा चांगला विचार करूनच तिला वगळले होते. पण चांगल्या विचाराने बंद केलेले दारही शेवटी बंदच असते.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची दोन मुले नवे कपडे घालून आली. हातात ताटल्या होत्या. त्यांत तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, भाजलेली डाळ, साखरेची चित्रे आणि उसाचे कांडे. हे इथले एळ्ळु-बेल्ल. घरोघर जाऊन ते वाटायचे आणि म्हणायचे, तीळ-गूळ खा, चांगले बोला. आपल्या 'गोड बोला'चे सख्खे भावंड! मुलांनी ताटली मावशीपुढे धरली. आधी कुणाला द्यायचे, कुणाला टाळायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. मावशीने घेतले, मुलांच्या हातावर लाडू ठेवले आणि नंतर बराच वेळ गच्चीवर उभी राहिली. खाली आली तेव्हा म्हणाली, "सव्वासहा झाले, तरी उजेड आहे बघ."

पुढच्या रविवारी तिने आपल्या घरी बायकांना बोलावले. बोलावणे तिळगुळाचे होते. कोण सवाशीण, कोण विधवा, कोणाचे लग्न झालेले नाही, असे काही विचारले नाही. हळदी-कुंकवाचे तबक दाराशी ठेवले होते. ज्यांना हवे त्यांनी आपल्या हाताने लावून घेतले. समोरच्या अज्जींनी बऱ्याच वर्षांनी कुंकवाला बोट लावले. एक-दोघी आल्या नाहीत. त्यांचा लाडू मावशीने डब्यात घालून दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिला. वाण म्हणून काय लुटले असेल? लहान टॉर्च! "संध्याकाळ वाढली तरी दिवे जातातच की," ती हसून म्हणाली.

हा बदल फक्त एका मावशीच्या घरापुरता नाही. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा बंद करायच्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. ठराव एका बैठकीत होतो. मने वळायला वेळ लागतो. रोज चार मिनिटे नव्हे, तीन आठवड्यांत चार मिनिटे या वेगाने! पण वळण पडून गेले आहे हे ओळखता आले, तर त्या संथपणाची निराशा वाटत नाही.

मुलांना घेऊन करण्यासारखा एक छोटा उद्योग सांगते. गच्चीवर किंवा खिडकीत एक जागा ठरवा आणि सूर्य कोणत्या पाण्याच्या टाकीमागे किंवा झाडामागे मावळतो, ते दर रविवारी वहीत मांडा. २२ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत बंगळूरला तो चार सूर्यबिंबांएवढा उजवीकडे सरकलेला दिसेल. पहिल्या आठवड्यात काहीच हलले नाही असे वाटेल. तरी वही टाकू नका. महिनाअखेर पहिले पान उघडले, की फरक डोळ्यांत भरतो. सूर्याकडे थेट पाहू मात्र देऊ नका. तो मावळून गेलेली जागा टिपली तरी पुरे.

ज्यांची मुले-नातवंडे लंडनला आहेत, त्यांनी फोनवर विचारून पाहावे. तिथे डिसेंबरात सूर्य दुपारी चार वाजायच्या आत मावळतो आणि दिवस आठ तासांचाही नसतो. त्यांच्याकडे हा बदल चटकन दिसतो. आपल्याकडे तो हळू असतो, म्हणून तो बघावा लागतो.

पहाटेचे तेवढे राहिले. जानेवारी सरता सरता सूर्योदयही मागे यायला लागतो. रथसप्तमीच्या सुमाराला दूध आणायला निघाल, तेव्हा रस्त्यावर थोडे आधी फटफटलेले दिसेल. तोवर हळदी-कुंकवाचे दिवसही उरलेले असतात. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, गल्लीत यंदा कोणाला बोलावणे गेलेले नाही, ते एकदा आठवून पाहा. तिच्या घरी दोन लाडू घेऊन जायला अजून उजेड आहे.