फोटोचा कागद पिवळा पडतो तेव्हा

सासूबाईंचा एक जुना फोटो तालुक्याच्या गावी मोठा करून आणला होता. इंकजेट यंत्रावर, चकचकीत कागदावर छापलेला. चौकट करायची राहिली, म्हणून मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून खपटाच्या खोक्यात घातला आणि वर डांबरगोळ्याही टाकल्या. पावसाळा सरल्यावर पाहते तो कडा पिवळ्या! मूळ फोटो धाकट्या दिरांकडे होता म्हणून निभावले.

चूक माझीच. या कागदावर बारीक छिद्रांचा थर असतो. शाई चटकन शोषली जावी हा त्याचा हेतू. पण तो शाईवरच थांबत नाही. दमट हवा, चुलीचा धूर, शेजारच्या वस्तूंची वाफ, सारे ओढून घेतो. वर्तमानपत्र आणि खपट यांत लाकडातले लिग्निन असते. ते जुने होऊ लागले की आम्ल सुटते. काही प्लास्टिकात टिकाऊपणासाठी बीएचटी नावाचे द्रव्य घालतात. तेही उडून कागदात शिरते आणि धुरातल्या वायूंशी मिळून पिवळे होते. म्हणजे कागद पेटीत बंद आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. तो कशाला टेकून आहे ते पाहावे.

मुलांच्या शाळेसाठी कोरा कागद आणता ना? लागतील तेवढीच पाने काढा, बाकीची मूळ पाकिटात, तोंड दुमडून, आडवी ठेवा. हात कोरडे हवेत, पान कडेने धरावे. जागा कपाटाच्या मधल्या खणात. स्वयंपाकघर, मोरीची भिंत, पत्र्याखालचा माळा नको. फवारणीची औषधे ठेवता ती खोली तर मुळीच नको.

छापलेला फोटो एक दिवस उघड्यावर, सावलीत वाळू द्या. मगच पिशवीत घाला. मऊ, उग्र वासाची पिशवी नको. नव्या शर्टावर येते तशी चुरचुर वाजणारी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते, ती चालते. डांबरगोळ्या लुगड्यांपुरत्याच ठेवा.

आणि सातबाऱ्याची प्रत इंकजेटवर काढली असेल तर पाण्यापासून जपा. पुष्कळशा इंकजेट शाया ओल लागताच पसरतात.

सासूबाईंचा फोटो पुन्हा छापून घेतला आहे. काच कागदाला चिकटू नये म्हणून चौकटीत मध्ये पट्टी घालायला सांगितली. आता तो माजघरात आहे, उन्हाची तिरीप येत नाही त्या भिंतीवर.