विश्लेषण : संघ कॅनडाचा, लीग अमेरिकेची… ‘ब्लू जेज’च्या चाहत्यांची कोंडी काय सांगते?

टोरंटो ब्लू जेज या कॅनडाच्या एकमेव मेजर लीग बेसबॉल संघाला ३२ वर्षांनंतर वर्ल्ड सीरिजची अंतिम फेरी गाठता आली. लॉस एंजलिस डॉजर्सकडून सातव्या आणि निर्णायक सामन्यात अगदी थोडक्यात त्यांचा पराभव झाला. मात्र यंदा कॅनडात ही मालिका निव्वळ खेळ म्हणून पाहिली गेली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी लादलेले आयातशुल्क, ‘५१वे राज्य’ अशी केलेली हेटाळणी आणि ऐन मालिकेत फिसकटलेली व्यापार बोलणी यामुळे प्रत्येक सामन्याला राजकीय रंग चढला. अमेरिकेच्या धोरणांवर संतापलेला, तरीही अमेरिकी लीगवर प्रेम करणारा कॅनेडियन चाहता या साऱ्याकडे कसा पाहतो?

यंदाची वर्ल्ड सीरिज का गाजली?

ब्लू जेज २०२४ मध्ये आपल्या गटात तळाला होते. यंदा त्यांनी ९४ सामने जिंकून गट जिंकला, नंतर न्यूयॉर्क यँकीज आणि सिएटल मरिनर्स यांना हरवले. मरिनर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात जॉर्ज स्प्रिंगरच्या होमरनने संघाला अंतिम फेरीत नेले. २४ ऑक्टोबरला टोरंटोत झालेला पहिला सामना ब्लू जेजने ११-४ असा जिंकला. तिसरा सामना नेहमीच्या ९ ऐवजी तब्बल १८ इनिंगपर्यंत लांबला आणि तो डॉजर्सने जिंकला. पाच सामन्यांनंतर ब्लू जेज ३-२ असे पुढे होते. शेवटचे दोन्ही सामने टोरंटोतच होते, पण ते दोन्ही हातातून निसटले. १ नोव्हेंबरच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये विजय दोन बाद दूर असताना डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी साधली. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होमरनने ५-४ असा निकाल लागला. हा सामना कॅनडात सरासरी १ कोटी ९ लाख लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या सव्वाचार कोटींच्या आत आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचे महत्त्व कळते.

एका शहराचा संघ साऱ्या देशाचा कसा झाला?

आइस हॉकीच्या लीगमध्ये कॅनडाचे सात संघ आहेत. त्यामुळे तिथे टोरंटोचा चाहता आणि मॉन्ट्रियलचा चाहता हे एकमेकांचे कट्टर वैरी असतात. बेसबॉलमध्ये तसे नाही. मॉन्ट्रियल एक्सपोज हा १९६९ मध्ये सुरू झालेला अमेरिकेबाहेरचा पहिला मेजर लीग संघ. १९९४ मध्ये तो साऱ्या लीगमध्ये अव्वल असताना खेळाडूंच्या संपामुळे हंगामच रद्द झाला. पुढे संघाची आर्थिक स्थिती ढासळली, २००२ मध्ये लीगनेच तो विकत घेतला आणि २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला हलवला. तेव्हापासून ब्लू जेज हाच कॅनडाचा एकमेव संघ उरला. व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंतचे चाहते त्याच्याकडे जवळपास राष्ट्रीय संघ म्हणूनच पाहतात. संघाच्या बोधचिन्हात मेपलचे पान आहे आणि मालकी ‘रॉजर्स’ या कॅनेडियन दूरसंचार कंपनीकडे आहे.

मात्र मैदानात उतरणारे बहुतेक खेळाडू अमेरिका किंवा लॅटिन अमेरिकेतले आहेत. प्रशिक्षक जॉन श्नायडर अमेरिकी आहेत. हंगामापूर्वीचा सराव फ्लोरिडात होतो. तिकिटे कॅनेडियन डॉलरमध्ये विकली जातात, पण खेळाडूंचे मानधन अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागते. संघाचा तारा व्लादिमिर गरेरो ज्युनियर याचा जन्म मॉन्ट्रियलचा, कारण त्याचे वडील तेव्हा एक्सपोजकडून खेळत. तो मात्र डॉमिनिकन रिपब्लिकचे प्रतिनिधित्व करतो. उलट डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन जन्माने अमेरिकी, पण आईवडील कॅनेडियन असल्याने कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला. १८ इनिंगचा तो सामना डॉजर्सला जिंकून देणारा होमरन त्याचाच होता.

नाराजीची सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर ट्रम्प यांनी कॅनडाचा उल्लेख अमेरिकेचे ‘५१वे राज्य’ आणि तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांचा ‘गव्हर्नर’ असा करण्यास सुरुवात केली. सुरुवातीला अनेकांनी ती थट्टा समजली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅनडातून येणाऱ्या मालावर २५ टक्के शुल्काचा आदेश निघाला, तेव्हा थट्टा संपली. मार्चपासून अंमलबजावणी झाली. त्रिपक्षीय व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट मिळाली, पण पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील शुल्क जूनमध्ये ५० टक्क्यांवर गेले. करारात न बसणाऱ्या मालावरील शुल्क ऑगस्टमध्ये ३५ टक्के झाले. कॅनडाची सुमारे तीन चतुर्थांश निर्यात एकट्या अमेरिकेला होते. त्यामुळे हा प्रश्न स्वाभिमानाचा तसा पोटापाण्याचाही आहे.

टोरंटोलगतच्या ब्रॅम्प्टनमध्ये भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. वर्ल्ड सीरिज सुरू होण्याच्या दहा दिवस आधी स्टेलांटिस कंपनीने येथील कारखान्यात नियोजित असलेले जीप कंपासचे उत्पादन अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हलवत असल्याचे जाहीर केले. ब्लू जेजचा सामना पाहणाऱ्या अनेक घरांत त्याच आठवड्यात नोकरीची चिंताही होती.

चाहत्यांनी राग कसा व्यक्त केला?

शुल्काचा आदेश निघाला त्याच दिवशी ओटावातील हॉकी सामन्यात प्रेक्षकांनी अमेरिकी राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी टोरंटोतील बास्केटबॉल सामन्यात तेच घडले. १५ फेब्रुवारीला मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या कॅनडा-अमेरिका हॉकी लढतीत राष्ट्रगीताची हुर्यो उडालीच, शिवाय पहिल्या नऊ सेकंदांत खेळाडूंमध्ये तीन हाणामाऱ्या झाल्या. पाच दिवसांनी बोस्टनमधील अंतिम सामना कॅनडाने जिंकला. हॉकीत प्रतिस्पर्ध्याला कोपराने रोखण्यावरून आलेली ‘एल्बोज अप’ ही घोषणा निवडणूक प्रचारात पोहोचली. ट्रुडो यांच्या काळात मागे पडलेल्या लिबरल पक्षाने मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली एप्रिलमध्ये सत्ता राखली. विरोधी पक्षनेते पियर पॉलिएव्ह स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले.

मैदानाबाहेरचा बहिष्कार अधिक जाणवणारा होता. ओंटारिओच्या सरकारी मद्यविक्री दुकानांतून अमेरिकी मद्य काढले गेले. मोटारीने अमेरिकेत जाऊन परतणाऱ्या कॅनेडियन नागरिकांची संख्या काही महिन्यांत आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांशाने घटली. याचा थेट संबंध बेसबॉलशीही येतो. ब्लू जेज सिएटलला खेळायला गेले की शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हजारो चाहते सीमा ओलांडून तिथे जातात, ही जुनी प्रथा आहे.

बेसबॉलवर बहिष्कार का नाही?

अमेरिकी संत्र्याऐवजी दुसरीकडची संत्री घेता येतात, फ्लोरिडाऐवजी सुट्टीला दुसरीकडे जाता येते. ब्लू जेजला मात्र पर्याय नाही. मेजर लीगशिवाय या संघाला अस्तित्वच नाही. त्यामुळे चाहत्यांनी एक व्यावहारिक वाट काढलेली दिसते. विरोध वॉशिंग्टनला, खेळाडूंना नाही. टोरंटोत खेळणारा अमेरिकी खेळाडू हा ‘आपला’ आणि ट्रम्प यांचे सरकार ‘त्यांचे’, अशी ही विभागणी आहे.

राष्ट्रगीताच्या हुर्योबाबतही एकमत नाही. एका गटाला हा निःशस्त्र नागरिकांकडे असलेला एकमेव जाहीर निषेध वाटतो. दुसऱ्या गटाच्या मते राष्ट्रगीत एका अध्यक्षाचे नसते, गाणाऱ्याचा आणि पाहुण्या खेळाडूंचा त्यात दोष नसतो. शिवाय समोरच्या बाजूलाही मतभेद आहेत. स्थलांतरितांवरील छाप्यांमुळे जूनमध्ये लॉस एंजलिस धुमसत असताना डॉजर्स गप्प का, असा सवाल त्यांच्या लॅटिनो चाहत्यांनी केला. त्यानंतर क्लबने बाधित कुटुंबांसाठी १० लाख डॉलर जाहीर केले. म्हणजे ‘कॅनडाविरुद्ध ट्रम्प यांची अमेरिका’ असे सरळ चित्र या मालिकेत नव्हते.

रेगन यांच्या जाहिरातीचे प्रकरण काय?

ओंटारिओचे प्रीमियर डग फोर्ड यांच्या सरकारने अमेरिकी वाहिन्यांवर साडेसात कोटी कॅनेडियन डॉलर खर्चाची जाहिरात मोहीम आखली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या २५ एप्रिल १९८७ च्या नभोवाणी भाषणातील आयातशुल्कविरोधी भाग त्यात वापरला होता. ट्रम्प यांच्याच पक्षाचा आदरणीय नेता शुल्काचे तोटे सांगतो, हा त्यातला टोला. भाषणाचा विपर्यास झाल्याचा आक्षेप रेगन फाऊंडेशनने घेतला. रेगन यांनी तेव्हा जपानी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर शुल्क लावले होते, हे खरे. पण त्या भाषणाचा एकूण रोख मुक्त व्यापाराच्या बाजूनेच होता.

२३ ऑक्टोबरच्या रात्री ट्रम्प यांनी कॅनडाशी व्यापार बोलणी थांबवल्याचे जाहीर केले. फोर्ड यांनी जाहिरात सोमवारी थांबवण्याचे मान्य केले, पण वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या दोन सामन्यांत ती दाखवण्याचे ठरवले. ट्रम्प यांनी वर्ल्ड सीरिजचा उल्लेख करूनच आणखी १० टक्के शुल्काची घोषणा केली. पंतप्रधान कार्नी यांनी ट्रम्प यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली आणि ही जाहिरात दाखवू नये असे आपण फोर्ड यांना सांगितले होते, असेही स्पष्ट केले. क्रीडाप्रेमाच्या लाटेवर स्वार होणे प्रांताच्या नेत्याला सोपे होते. त्याची किंमत मात्र वाटाघाटीच्या टेबलावर संघराज्य सरकारला मोजावी लागली.

असे प्रसंग पूर्वीही आले होते?

होय. १९९२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये अटलांटात अमेरिकी मरीनच्या पथकाने कॅनडाचा ध्वज उलटा धरला आणि कॅनडात संताप उसळला. ब्लू जेजने त्या वर्षी आणि १९९३ मध्येही विजेतेपद मिळवले. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी मॉन्ट्रियलच्या हॉकी प्रेक्षकांनी अमेरिकी राष्ट्रगीताची हुर्यो उडवली होती. कॅनडा त्या युद्धात सामील झाला नव्हता. २००४ मध्ये ब्लू जेजचा पोर्तो रिकन खेळाडू कार्लोस डेलगाडो याने युद्धाच्या निषेधार्थ ‘गॉड ब्लेस अमेरिका’ सुरू असताना मैदानात उभे राहण्यास नकार दिला. करोनाकाळात कॅनडा सरकारने सीमेपलीकडून येणाऱ्या संघांना परवानगी नाकारली, त्यामुळे २०२० मध्ये ब्लू जेजला ‘घरचे’ सामने न्यूयॉर्क राज्यातील बफेलोत खेळावे लागले. जुलै २०२१ अखेर संघ टोरंटोत परतला.

दुसरी बाजूही आहे. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगची दारे उघडण्यापूर्वी, १९४६ चा हंगाम तो डॉजर्सच्या मॉन्ट्रियलमधील दुय्यम संघाकडून खेळला. अमेरिकेत वर्णभेदाचे चटके बसत असताना मॉन्ट्रियलच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. तेव्हा डॉजर्सचे घर ब्रुकलिन होते. या दोन देशांचे बेसबॉल असे जुन्या धाग्यांनी विणलेले आहे.

पुढे काय?

पराभवानंतर संघाभोवती जमलेली एकजूट किती टिकेल, हे नव्या हंगामात कळेल. राजकीय कसोटीही त्याच हंगामात लागेल. जून २०२६ मध्ये फुटबॉल विश्वचषक अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात संयुक्तपणे होत असून टोरंटो व व्हँकुव्हर ही यजमान शहरे आहेत. तिन्ही देशांमधील व्यापार कराराचा संयुक्त आढावा १ जुलै २०२६ रोजी ठरलेला आहे. त्या आढाव्यात शुल्कसवलत टिकली नाही, तर विंडसर, हॅमिल्टन आणि ब्रॅम्प्टनमधील कामगारांना त्याची झळ बसेल. ब्लू जेजचा मोठा चाहतावर्ग याच पट्ट्यात आहे. १ जुलै हा कॅनडा दिनही आहे. त्या सुमारास अमेरिकी राष्ट्रगीत वाजताना टोरंटोतील प्रेक्षक काय करतात, हे बऱ्याच अंशी वॉशिंग्टनमधील निर्णयांवर ठरेल.