'नखरे' म्हणू नका: न खाण्याचा आजार रक्तातूनही येतो

'पोरगी खात नाही' या तक्रारीवर आपल्याकडे चार उत्तरे तयार असतात. आजी म्हणते, नजर लागली. शेजारीण म्हणते, मोबाइल पाहून बारीक व्हायचे खूळ डोक्यात गेले. मामा म्हणतो, "लगन करून टाका, होते सगळं बरोबर." आणि दवाखान्यात भूक वाढवण्याचे सिरप, एक सलाईन आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढे ऐकून घरी पाठवतात. चारही उत्तरे चुकीची आहेत. चौथ्याचा राग जास्त येतो, कारण ते शिकलेल्या माणसाने दिलेले असते.

ज्या आजाराबद्दल मी बोलतोय त्याचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. नावाचा अर्थ 'भूक न लागणे' असा होतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. या मुलींना (आणि काही मुलांनाही) भूक बहुतेक वेळा लागते, निदान सुरुवातीला तरी. पण खाण्याची भीती तिच्यावर मात करते. वजन उतरत जाते, पाळी बंद होते, केस गळतात, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते. आणि तरीही मुलगी बसत नाही! अंगण झाडते, भांडी घासते, सगळ्यांसाठी पोळ्या लाटते, स्वतः मात अर्धी पोळी तुकडे करून ताटातच फिरवत राहते. आई कौतुकाने सांगते, "काम लय करते जी, फक्त खात नाही." हे कौतुक करायचे लक्षण नाही. आजाराचे सगळ्यात बोलके लक्षण हेच आहे.

'हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, देवळीत कुठून येणार?' असे विचाराल. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरने १६८९ साली असे दोन रुग्ण लिहून ठेवले, एक मुलगी आणि एक मुलगा. तेव्हा फॅशनची मासिके नव्हती, मोबाइल तर नव्हताच. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की तिथल्या कित्येक रुग्णांना जाड होण्याची भीती नव्हतीच. त्या म्हणत, पोट फुगल्यासारखे वाटते, इच्छा नाही. आपल्याकडच्या मुलीही हेच म्हणतात. 'गॅस होते', 'घास उतरत नाही'. मग सोनोग्राफी होते, टीबीची तपासणी होते, थायरॉईड होते. ते सगळे करायलाच हवे. पण काही सापडले नाही की 'काहीच नाही' असा निष्कर्ष काढला जातो, आणि मुलगी खोटारडी ठरते.

आता मुद्द्यावर येतो. मधुमेहाचे नाव काढा, बाजारातला कोणीही सांगेल, "आमच्या खानदानातच आहे." जेम्स नील या शास्त्रज्ञाने १९६२ साली 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली: दुष्काळात चरबी साठवून तग धरणारे शरीर सुबत्तेत मधुमेही होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्या वादात आपल्या बाळांची गोष्ट आणली. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण दिसायला बारीक असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून असते. हे आपण मान डोलावून ऐकतो. मग वजन वाढण्याला वंश आणि शरीर जबाबदार असू शकतात, तर वजन उतरण्याला फक्त पोरीचा हट्टच का?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते की लोकसंख्येत या आजाराचा धोका माणसामाणसांत जो कमीजास्त असतो, त्यातला साधारण निम्मा किंवा थोडा अधिक वाटा आनुवंशिक असतो. (याचा अर्थ तुमच्या मुलीचा अर्धा आजार जनुकांनी केला असा नाही, हे गणित लोकसंख्येचे आहे, एका माणसाचे नाही.) २०१९ साली १६,९९२ रुग्ण आणि ५५,५२५ इतर लोकांचे डीएनए ताडून पाहिले गेले, आणि या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. हे दुवे नैराश्य आणि मंत्रचळ यांच्याशी जुळले, ते अपेक्षितच होते. पण ते इन्सुलिन, कोलेस्टेरॉल, शरीराची ठेवण आणि अंगातली हालचाल यांच्याशीही जुळले. म्हणजे हा आजार मनाचा आहे तितकाच चयापचयाचाही आहे. त्या अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे होते. ज्या देशात याज्ञिकांसारखी माणसे बाळाच्या वजनावर तीस वर्षे काम करतात, तिथे या मुलींच्या जनुकांचा तेवढा मोठा अभ्यास का नसावा, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांना विचारायला हवा.

दुसरा पुरावा उंदरांचा आहे. १९६७ साली एक प्रयोग झाला. उंदरांना दिवसातून फक्त एक तास खायला द्यायचे आणि पिंजऱ्यात पळायचे चाक ठेवायचे. उंदीर कमी खाऊ लागले आणि जास्त पळू लागले, रोज आणखी जास्त, मरेपर्यंत. तेवढाच वेळ खायला मिळालेले, पण चाक नसलेले उंदीर जगले. उंदराने इन्स्टाग्राम पाहिलेले नसते. त्याच्या आईचे वळण चुकलेले नसते.

उपासमारीत शरीराने गप्प पडून राहायला हवे. मग ते पळते कशाला? अमेरिकेतल्या शॅन गिसिंजर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली एक उत्तर सुचवले. अन्न संपलेल्या मुलखातून टोळीला बाहेर काढायचे तर कुणीतरी भूक विसरून चालत राहणारे हवे. आपल्या भागाला हे चित्र परके नाही. वर्धा मध्य प्रांतात होते तेव्हा १८९६-९७ आणि १८९९-१९००, असे लागोपाठ दोन दुष्काळ या प्रांताने पाहिले. तरी माझे मत सांगतो: ही गोष्ट ऐकायला पटते, पण सिद्ध झालेली नाही, आणि उत्क्रांतीच्या गोष्टी जुळवणे फार सोपे असते. जनुकांचा आणि उंदरांचा पुरावा तिच्यापेक्षा भक्कम आहे. ही गोष्ट सांगून कुणी या आजाराला 'देणगी' म्हणू लागले तर त्याला तिथेच थांबवा. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू होणाऱ्यांपैकी हा एक आहे.

उंदरांच्या प्रयोगातून एक गोष्ट मात्र थेट आपल्या घरात येते. ज्याच्या रक्तात हा कल आहे त्याला सुरुवात करून द्यायला पोट काही दिवस रिकामे राहणे पुरेसे ठरू शकते, कारण कोणतेही असो. कावीळ, टायफॉइड, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणे, कुस्तीसाठी वजन तोडणे, परीक्षेचा ताण, किंवा उपवास. आपला जिल्हा उपवासाला मान देणारा. गांधीजींनी १९४३ साली पुण्यात स्थानबद्ध असताना एकवीस दिवसांचा उपवास केला. पहिला दिवस ठरलेला होता, शेवटचाही. पवनारला विनोबांनी १९८२ साली सत्त्याऐंशीव्या वर्षी अन्न-औषध सोडून देह ठेवला. तो एका वृद्धाचा, सगळ्यांना सांगून केलेला निर्णय होता. पंधरा वर्षांच्या मुलीचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी एकमेकांना जोडले जातात आणि पारणे कधी येतच नाही, तेव्हा तिला 'किती सोशिक पोरगी' म्हणून या परंपरेत बसवू नका. ज्या उपवासाला शेवट नाही तो उपवास नव्हे.

आणि समजावून सांगून हा आजार जात नाही. अमेरिकेत मिनेसोटा इथे १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले आणि डोकेही बदलले: चिडचिड, उदासी, रात्रंदिवस अन्नाचेच विचार, कुणी तर पाककृतींची पुस्तके जमवू लागला. त्यांच्या मनात आधी काही बिघाड नव्हता. उपासमारीने तो केला, आणि अन्न मिळू लागल्यावर तो हळूहळू ओसरला. म्हणून आधी अन्न, मग बोलणे. किशोरवयीन मुलींत सगळ्यात चांगला परिणाम दिसलेली पद्धत हीच आहे: काही महिने खाण्याचा निर्णय मुलीच्या हातून काढून आईबापांनी घ्यायचा, शेजारी बसून, न रागावता, न विनवता, प्रत्येक जेवण पुरे होईपर्यंत. दोष आईचा नाही. औषध मात्र आई आहे, आणि बापही.

पण फार वाळलेल्या मुलीला घरी एकदम ठासून खाऊ घालू नका. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट कोसळते आणि हृदय बंद पडू शकते. चक्कर येत असेल, नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली असेल, दोन-तीन महिन्यांत वजन झपाट्याने उतरले असेल, तर सेवाग्राम किंवा सावंगीला न्या आणि मेडिसिनबरोबर मानसोपचार विभागालाही दाखवा. देवळीहून दोन्ही जवळ आहेत. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून टाळू नका. फोनवर बोलायचे असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

जाताना मुलीचे जुने वजन सोबत ठेवा, शाळेच्या तपासणीत किंवा मागच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. डॉक्टरला आजचा आकडा नव्हे, उतार पाहायचा असतो. आणि घरात धाकटी बहीण असेल तर तिचेही वजन करून वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला.