थायलंडमध्ये एकट्याने मूल वाढवताय? व्हिसाचं असं बघा

मूल थाई नागरिक, तुम्ही परदेशी आणि जोडीदार सोबत नाही. मग एकच धास्ती असते: व्हिसा संपला तर लेकराला सोडून जावं लागेल का?

अशा पालकांसाठी 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसा आहे. त्यावर राहण्याची मुदत दरवेळी एक वर्षाने वाढवता येते. मूल २० वर्षांखालचं, अविवाहित आणि तुमच्यासोबत राहणारं हवं. शिवाय थाई बँकेत दोन महिने आधीपासून ४ लाख बाट किंवा महिना ४०,००० बाट उत्पन्न दाखवावं लागतं.

बाबांनो, एक गोष्ट आधी तपासा. मुलाच्या आईशी लग्न झालेलं नसेल, तर जन्मदाखल्यावर नाव असूनही कायद्याने तुम्ही वडील ठरत नाही. आई आणि मूल दोघांच्या संमतीने जिल्हा कार्यालयात नोंद करावी लागते. मूल फार लहान असेल किंवा आई येत नसेल, तर न्यायालयात जावं लागतं. आईला मात्र ही अडचण नाही.

मूल विशीत गेलं की हा मार्ग बंद. तेव्हा नोकरीचा व्हिसा किंवा पन्नाशीनंतर निवृत्तीची मुदतवाढ हे पर्याय उरतात.

म्हणून पितृत्वाची नोंद आजच मार्गी लावा. व्हिसाची धावपळ त्यानंतर!