काटकसरीचा खरा हिशेब

काटकसर हा सद्गुण आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पाठ्यपुस्तकांत तिची स्तुति असते, घरांत आजीच्या तोंडीं तिच्या म्हणी असतात, आणि महिनाअखेरीस वडिलांच्या मुद्रेवर तिची आवश्यकता स्पष्ट लिहिलेली दिसते. तिच्याविषयीं सांगण्यासारखें नवें कांहीं उरलें असेल, असें सहसा कोणास वाटणार नाहीं. तथापि एक प्रश्न या सर्व उपदेशांत क्वचितच विचारला जातो. जो पैसा, जो वेळ आणि जे श्रम आपण वांचविले, ते खरोखर वांचले, कीं आपल्याऐवजीं ते दुसऱ्या कोणास खर्चावे लागले? ते खरोखर वांचले असतील, तर तिला काटकसर म्हणावें. परंतु ते दुसऱ्याच्या माथीं पडले असतील, तर आपल्या घरांतील केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटून आपलें घर स्वच्छ झालें असें मानण्यासारखें तें आहे. हाच प्रश्न बाजार, गांव आणि सरकार या तीन ठिकाणीं विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम बाजाराकडे वळूं. निर्दोष काटकसर म्हणजे डोळे उघडे ठेवून केलेली खरेदी. वेष्टनांत बांधून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापलीच पाहिजे, असा कायदा आहे. आतां त्यांवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावहि छापावा लागतो. समजा, १०० ग्रॅम चहाची पुडी ४५ रुपयांस आणि २५० ग्रॅमची पुडी १२० रुपयांस मिळते. मोठी पुडी स्वस्त पडत असावी, असा आपला समज असतो. पण भागाकार केला तर लहान पुडीचा भाव ग्रॅमला ४५ पैसे व मोठीचा ४८ पैसे निघतो. हा भागाकार प्राथमिक शाळेंतील मुलासहि येतो. तो करण्याचा आपल्याला कंटाळा येतो, आणि पुष्कळदां त्या कंटाळ्यावरच व्यापार चालतो. अशा रीतीनें भाव पाहून घेणारा गृहस्थ कोणाचें कांहीं हिरावून घेत नाहीं. दुकानदारास त्यानें लावलेली किंमत मिळते, आणि गृहस्थाचे पैसे केवळ त्याच्या लक्षपूर्वक पाहण्यामुळें वांचतात.

परंतु तोच गृहस्थ मोठ्या दुकानांत छापील किंमत मुकाट्यानें देऊन बाहेर येतो, आणि कोपऱ्यावर टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीशीं मेथीच्या जुडीमागें पांच रुपयांसाठीं दहा मिनिटें घासाघीस करतो. भाव विचारावा, दोन ठिकाणीं पाहावें, यांत गैर कांहीं नाहीं. बाजाराची ती रीतच आहे. पण दिवस मावळला, भाजी सुकूं लागली, बाईला शेवटची गाडी गांठावयाची आहे, हें ओळखून जे पांच रुपये कमी करून घेतले, ते आपल्या चातुर्यानें मिळविले असें म्हणतां येत नाहीं. ते तिच्या अडचणींतून काढलेले असतात. शुभवर्तमानांतील गरीब विधवेनें दानपेटींत दोनच लहान नाणीं टाकलीं, तरी तिचें दान श्रीमंतांच्या दानापेक्षां मोठें ठरलें, ही गोष्ट आपल्या शाळेंत प्रत्येकास ठाऊक आहे. नाण्याची किंमत तें ज्या थैलींतून निघालें तिच्यावरून ठरते, हा त्या गोष्टीचा बोध दानाप्रमाणेंच देण्याघेण्यासहि लागू पडतो.

आतां गांवाचा विचार करूं. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्यांत आली. तरीहि हात हालवीत बाजारांत जावें आणि दुकानदाराकडे पिशवी मागावी, ही संवय पुष्कळांची सुटलेली नाहीं. घरून कापडी पिशवी नेण्याचा त्रास वांचतो, शिवाय पिशवी फुकट मिळते, म्हणजे दुहेरी काटकसर झाली असें वाटतें. पण ती पिशवी दुसऱ्या दिवशीं कोठें जाते? २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसापुढें कोणत्याहि शहराचीं गटारें अपुरींच पडलीं असतीं, हें खरें. परंतु नाल्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकनें पाण्याची वाट आणखी अडविली, हेंहि त्या वेळीं सर्वांच्या ध्यानांत आलें. गटार तुंबलें म्हणजे पाणी प्रथम शिरतें तें सखल भागांतील, नाल्याकांठच्या घरांत. आणि तें गटार साफ करण्यास आंत उतरतो तो सफाई कामगार. फुकट पिशवीची किंमत अशा रीतीनें कोणीतरी चुकती करीतच असतो. पावतीवर मात्र त्याचें नांव नसतें.

आतां सरकारी व्यवहाराकडे येऊं. सरकारी यंत्रविद्या म्हटली कीं आज आपल्या डोळ्यांपुढें मोबाइल उभा राहतो. परंतु नाणें, वजन, माप, १८८२ सालीं हिंदुस्थानांत सुरू झालेली पोस्टाची बचत बँक, हींहि सरकारनें लोकांच्या सोयीसाठीं उभारलेलीं साधनेंच होत. त्यांपैकीं नाण्यांचा इतिहास आपल्या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतो. पूर्वीं रुपयाचे १६ आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धति आली व रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हिशेबानें एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैशाचें नाणें नव्हतें. म्हणून एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे बरोबर २५ नवे पैसे, असें कोष्टक ठरलें. ज्यानें चार आणे एकदम बदलून घेतले, त्याला २५ नवे पैसे मिळाले; ज्यानें एकेक आणा करून चार वेळां बदलले, त्याच्या हातीं २४ च आले. सुधारणा उत्तम होती. हिशेब पुष्कळ सोपा झाला, आणि आज कोणी सोळा आण्यांकडे परत जाऊं म्हणणार नाहीं. तरी त्या बदलाच्या काळांत जो एक पैसा गेला, तो आण्याआण्यानें संसार करणाऱ्या माणसाचा गेला. नव्या सोयीचा लाभ सर्वांस होतो, पण तिचा प्रारंभींचा खर्च बहुधा दुबळ्याच्या पदरीं पडतो.

आजच्या सोयी याहून किती तरी मोठ्या आहेत. २०१६ सालीं यू. पी. आय. पद्धति सुरू झाली, आणि भाजीवालीच्या टोपलीपाशीं सुट्या पैशांची रोजची कटकट कमी झाली. शेताचा सातबारा पाहण्यास तलाठ्याचा शोध करीत हिंडावें लागत नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क झाला आहे. मुदत टळली तर त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे दोन वेळां अपील करतां येतें, आणि तिसरें अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे नेतां येतें. ज्यांनीं एका दाखल्यासाठीं चार दिवसांची रजा खर्ची घातली आहे, त्या पालकांस या बदलाचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु याच चित्राची दुसरी बाजू रेशनच्या दुकानांत दिसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशीं ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. खोट्या शिधापत्रिका व धान्याची चोरी यांस आळा बसावा, म्हणून दुकानांत बोटाचा ठसा घेणारें यंत्र आलें. हेतु योग्यच होता. पण ज्या हातांनीं जन्मभर विटा वाहिल्या, भांडीं घासलीं किंवा खुरपें चालविलें, त्यांच्या बोटांवरील रेषा झिजून जातात. यंत्र त्या बोटांस ओळखीत नाहीं. कधीं रेषा ठीक असतात, पण जोडणीच बंद पडलेली असते. मग “उद्यां या” असें उत्तर मिळतें. उद्यां येणें म्हणजे त्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडणें होय. केवळ ठसा जुळला नाहीं म्हणून हक्कदारास धान्याविना परत पाठवूं नये, असें केंद्र सरकारनें २०१७ सालींच राज्यांस कळविलें आहे. नियम आहे, पण तो रांगेंत उभ्या असलेल्या बाईला ठाऊक नसतो, आणि पुष्कळदां तिच्यामागें उभ्या असलेल्या शिकलेल्या मुलालाहि नसतो.

घरबसल्या अर्ज करण्याची गोष्टहि अशीच आहे. ज्याच्या घरीं मोबाइल आहे, वाचणारें माणूस आहे, त्याचें काम दहा मिनिटांत होतें. ज्याच्याकडे तीं साधनें नाहींत, त्याला तोच अर्ज भरून घेण्यासाठीं दुकान गांठावें लागतें आणि ठरलेल्या शुल्काहून अधिक रक्कम मागितली, तर मुकाट्यानें द्यावी लागते. कचेरीचा कागद वांचला, कारकुनाचा वेळ वांचला, आपली रजा वांचली. पण या सर्व बचतीची भरपाई एका मनुष्याच्या मजुरींतून होत असेल, तर आरंभीं विचारलेला प्रश्न येथेंहि विचारावा लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं, जुन्या काळीं तरी गरिबाचें काय चाललें होतें? तेव्हांहि त्याला हेलपाटे होते, दलाल होते, आणि त्याच्या नांवचें धान्य परभारें विकलेंहि जात होतें. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच यंत्रें मोडीत काढावीं असें येथें सुचवावयाचें नाहीं. दलालाच्या जागीं यंत्र आलें हें बरेंच झालें. पण दलाल निदान बोलका होता. त्याच्याशीं भांडतां येत असे. यंत्र नकार देतें आणि गप्प बसतें. म्हणून प्रत्येक यंत्राशेजारीं, त्याचा नकार तपासून पाहण्याचा अधिकार असलेला एक मनुष्य असलाच पाहिजे. ही मागणी दयेची नसून न्यायाची आहे. यंत्रानें सरकारची जी बचत होते, तिच्यांतूनच त्या मनुष्याचा पगार निघावयास हवा. अशी व्यवस्था आपल्या गांवीं आहे किंवा नाहीं, हें विचारण्याचें साधनहि आपल्या हातीं आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें १० रुपयांच्या शुल्कांत कोणीहि नागरिक लेखी माहिती मागूं शकतो, आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास बंधनकारक असतें.

परंतु सरकारनें काय करावें हें सांगणें सोपें असतें. आपण काय करावें, हा अवघड भाग आहे. विद्यार्थिमित्रहो, या नव्या विद्येंत तुम्ही आपल्या वडिलधाऱ्यांहून पुढें आहां. जें काम करण्यास तुमच्या आजोबांस एक प्रहर लागेल, तें तुम्ही एका क्षणांत करतां. तुमचा हा जो वेळ रोज वांचतो, त्याचा कांहीं अंश तुमच्याच चाळींतील, वाड्यांतील, गल्लींतील ज्या माणसांचा वेळ याच यंत्रांपायीं वायां जातो, त्यांस परत करणें हें तुमचें ऋण आहे. त्यासाठीं सभा नको, वर्गणी नको. शेजारच्या आजींस त्यांचा अर्ज वाचून दाखवावा. भरल्यावर पावती मागून घ्यावी व ती त्यांच्याच हातीं द्यावी. रेशनच्या दुकानांत कोणी रिकाम्या पिशवीनें परत फिरत असेल, तर वर सांगितलेला नियम दुकानदारास विनयानें पण स्पष्टपणें सांगावा.

मात्र मदत करतांना एक मर्यादा पाळावी. दुसऱ्याचा गुप्त अंक विचारूं नये, कोणी सांगूं लागला तर ऐकूं नये, आणि पैशाच्या व्यवहाराची कळ ज्याची त्यालाच दाबूं द्यावी. ज्याला आपण मदत करतों, तो पुढच्या खेपेस आपल्यावांचून काम करूं शकला, तरच ती मदत खरी. कोणाची फसवणूक होऊन खात्यांतून पैसे गेले, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. दुकानदार छापील किमतीहून अधिक पैसे घेत असेल, तर ग्राहकांसाठीं १९१५ हा क्रमांक आहे. हे दोन अंक पाढ्यांप्रमाणें पाठ असावे.

पालकांस व शाळेस एक सूचना करावीशी वाटते. महिन्यांतून एका शनिवारीं, शाळा सुटल्यावर एक तास, एखाद्या वर्गांत चार टेबलें मांडावींत. एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आसपासच्या लोकांस अर्ज वाचून दाखवावे, नियम समजावून सांगावे, आणि कोणत्या कामास किती शुल्क व किती मुदत आहे, तें फळ्यावर लिहून ठेवावें. यास खडू व एक तास, याहून अधिक खर्च नाहीं. नागरिकशास्त्राचा जो धडा वर्षभर वाचून विसरला जातो, तो त्या एका तासांत कायमचा ध्यानांत राहील.

भाव पाहून घ्यावा, वजन तपासावें, पावती जपून ठेवावी, आणि सरकारनें दिलेल्या प्रत्येक सोयीचा मनमोकळेपणें उपयोग करावा. फक्त महिनाअखेरीस हिशेबाच्या वहींत शिल्लक मांडण्यापूर्वीं, तिच्यांत दुसऱ्या कोणाची रक्कम तर आली नाहीं ना, एवढें पाहून घेण्याची संवय आपण लावून घ्यावी. आढळलीच, तर ती ज्याची त्याला पोंचविण्याची वाट अद्याप मोकळी आहे.