टँकर पकडला, मालक कुठाय?

आमच्या मराठवाड्यात 'टँकर' म्हटलं की तो पाण्याचाच. त्यामुळे समुद्रात तेलाचे टँकर पकडले अशी बातमी आली की शेंद्र्यात बसून वाचणारा माणूस पान उलटतो. आपला काय संबंध? मला वाटतं संबंध आहे, आणि बऱ्यापैकी जवळचा आहे.

५ फेब्रुवारी २०२६ ला भारतीय तटरक्षक दलानं मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १०० सागरी मैलांवर तीन जहाजं अडवली आणि पुढच्या तपासासाठी मुंबईकडे आणली. स्टेलर रुबी, अस्फाल्ट स्टार आणि अल जाफझिया अशी त्यांची नावं बातम्यांत आली. आरोप असा की भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात स्वस्त तेल भरायचं, किनाऱ्यावरच्या देशांचे कर बुडवायचे आणि पकडले जाऊ नये म्हणून ओळख बदलत राहायची.

हे वाचताना मला मनमाड आठवलं. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. ढाब्याजवळ टँकरमधून चाललेली तेलचोरी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, एवढाच त्यांचा गुन्हा. जमीन असो की समुद्र, तेलाच्या धंद्याची रीत तीच. आडबाजूला टँकर उभा करायचा आणि माल इकडचा तिकडे करायचा.

समुद्रातल्या या ताफ्याला 'शॅडो फ्लीट' म्हणतात. इराण, रशिया, व्हेनेझुएला यांच्या तेलावर निर्बंध आले, तशी म्हातारी जहाजं या कामाला लागली. त्यांची युक्ती आपल्याकडच्या ट्रकच्या भाषेत सांगतो. पासिंग भलत्याच देशाचं, कधी तेही खोटं. इन्शुरन्स असला तर असला. जीपीएससारखं एक यंत्र जहाजावर असतं, ते वाटेल तेव्हा बंद. रंग बदलायचा, नाव बदलायचं. एकच गोष्ट कायम राहते, ती म्हणजे जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर. चेसिस नंबरच म्हणा ना! पण हे लोक तोही दुसऱ्या जहाजाचा सांगतात.

आता निर्बंधांबद्दल. अमेरिकेनं उठावं आणि कुणी कुणाचं तेल घ्यायचं ते ठरवावं, हे मलाही पटत नाही. २०२२ नंतर रशियाचं स्वस्त तेल आपण भरपूर घेतलं, आणि त्याबद्दल आपल्याला अपराधी वाटायचं कारण नाही. पण निर्बंध कुणाचे हा वाद वेगळा आणि जहाज धड आहे का हा प्रश्न वेगळा. पहिल्याची ढाल करून दुसरा झाकला जातो, तिथं माझा आक्षेप आहे. विमा नसलेलं जहाज फुटलं तर तेल रशियाचं की अरबस्तानाचं हे मासा विचारत नाही. नुकसान भरून द्यायला मात्र कुणी सापडत नाही.

जुहूकरांना 'पवित' आठवत असेल. ओमानजवळ २०११ च्या उन्हाळ्यात हा छोटा टँकर बंद पडला. त्यावरच्या तेरा भारतीय खलाशांना ब्रिटिश नौदलानं वाचवलं. रिकामं जहाज सुमारे महिनाभर वाहत राहिलं आणि ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन बसलं, तोवर कुणाला पत्ता नाही! भरलेला टँकर असा आला असता तर? कोकणातल्या कोळ्यांची जाळी कुणी धुऊन दिली असती?

आणि पकडल्यावर सापडतं कोण? जानेवारी २०२६ मध्ये फ्रान्सच्या नौदलानं भूमध्य समुद्रात 'ग्रिंच' नावाचा, रशियाहून निघालेला टँकर अडवला. कप्तान ५८ वर्षांचा, भारतीय. ताब्यात घेतलं गेलं ते त्याला. खलाशीही भारतीय, ते जहाजावर अडकले. फेब्रुवारीत मालक कंपनीनं काही दशलक्ष युरो भरले आणि जहाज सुटलं. मालकाचा चेहरा कुणी पाहिला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांची आकडेवारी आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ दरवर्षी देतो. २०२४ मध्ये असे ३,१३३ खलाशी होते. त्यात सर्वाधिक आपले, ८९९.

इथं संबंध जवळचा होतो. आमच्या नात्यातल्या एका मुलाला सध्या 'मर्चंट नेव्ही'चं वेड लागलंय. शेती पाण्याअभावी गेली, एमआयडीसीत कंत्राटी काम मिळतं. एजंट साडेतीन लाख मागतो. जहाजाचं नाव विचारलं तर म्हणतो, 'दुबईला गेल्यावर कळेल.' घरचे शेत गहाण टाकायच्या विचारात आहेत. त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना सांगतो. खलाशी भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी संकेतस्थळावर आहे. नोकरी लावण्यासाठी मुलाकडून पैसे घेणं हेच मुळात बेकायदा आहे. जहाजाचा आयएमओ नंबर आधी मागा. 'इक्वेसिस' या संकेतस्थळावर तो टाकला की जहाजाचं वय, मालक, झेंडा, कुठं अडकलं होतं, सगळं फुकट दिसतं. नंबर देत नसेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सरकारकडूनही एवढीच अपेक्षा आहे. जहाजं जरूर पकडा, तटरक्षक दलाचं कौतुकच आहे. पण तपास कप्तानाच्या केबिनपाशी थांबू नये. तेल कुणाचं, पैसा कुणाच्या खात्यात गेला आणि आमची पोरं त्या जहाजावर कुणी चढवली, तिथपर्यंत तो जायला हवा.

तुमच्यापैकी कुणाच्या घरचं जहाजावर असेल तर अनुभव जरूर कळवा. त्या मुलाच्या वडिलांना वाचून दाखवीन.